निगमसभा, फलक आणि वालधुनीचें पाणी

अंबरनाथचें शिवालय संशोधकांस अपरिचित नाहीं. उत्तरेकडील द्वाराच्या आंतील तुळईवर कोरलेला शके ९८२, श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार या मितीचा लेख, त्यांतील शिलाहार महामंडलेश्वर मामवाणिराजाचें नांव, त्याच्या मंत्र्यांची नामावळी आणि छित्तराजदेवाच्या भवनाचा उल्लेख, हें सर्व जाणत्यांनीं अनेक वार तपासून पाहिलें आहे. हा शक आरंभीं ७८२ असा वाचला गेला होता व त्या एका अंकामुळें देवालय दोनशें वर्षें मागें ढकललें गेलें होतें, हेंही पुष्कळांस स्मरत असेल. त्या लेखाविषयीं आज आम्हांस नवें कांहीं सांगावयाचें नाहीं. देवालयाच्या पायथ्याशीं जी वालधुनी नदी वाहते, तिच्या पाण्याविषयीं सांगावयाचें आहे. आणि तें सांगतांना आपल्या नेहमींच्या व्यासंगांतील कांहीं लेखांचाच आधार घ्यावयाचा आहे.

शाळेंत असतांना आम्ही मुलांस हें देऊळ दाखवावयास नेत असूं. बाहेरच्या भिंतींवरील मूर्ति पाहतांना मुलें रमून जात. परंतु नदीजवळ येतांच त्यांचे रुमाल नाकाशीं जात. एकदां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, राजानें देऊळ अशा घाणेरड्या नदीच्या कांठीं कां बांधलें?” राजानें देऊळ बांधलें तेव्हां नदी अशी नव्हती, इतकें उत्तर आम्हीं दिलें व पुढें चालूं लागलों. तें उत्तर अपुरें होतें याची जाणीव पुढें अनेक वर्षें राहिली. नदी अशी कोणीं केली, आणि ज्यांनीं केली त्यांस एकत्र बांधणारा कांहीं करार होता कीं नाहीं, हें त्या प्रश्नाचें खरें उत्तर होय.

अलीकडे उद्योगधंद्यांच्या सभांतून ‘सर्व हितसंबंधीयांचें सहकार्य’ आणि ‘जबाबदार व्यवसाय’ हे दोन शब्दप्रयोग वारंवार कानीं पडतात. ते परदेशांतून आले व आपल्या कारखानदारीस नवे आहेत, असा समज आहे. शब्द नवे असतील. वस्तु नवी नाहीं. अनेक कारागिरांनीं मिळून एक भार उचलावा व त्याचा जाब मिळून द्यावा, ही रीति या प्रांतांत सुमारें १९०० वर्षांपूर्वीं दगडावर कोरली गेली आहे. त्या रीतींतील जो भाग आज गळून गेला आहे, तोच वालधुनीच्या दुर्दशेच्या मुळाशीं आहे, असें आमचें मत आहे.

प्रथम या पट्ट्याचा अर्वाचीन इतिहास थोडक्यांत पाहूं. कल्याणहून पळसदरीपर्यंतचा लोहमार्ग १८५६ सालीं खुला झाला व अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें मुंबईशीं जोडलीं गेलीं. पाणी, सपाट जमीन व आगगाडी हीं तिन्ही एकत्र मिळाल्यावर कारखाने येणें स्वाभाविक होतें. १९२३ सालीं स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे ‘विम्को’चा, आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथ येथें उभा राहिला, त्याच्या पेट्यांवरील चित्रें आज संग्राहक जपून ठेवितात. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी वसली. फाळणीनंतर त्याच छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या सुमारें एक लक्ष निर्वासितांस आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ति राजगोपालाचारी यांनीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव दिलें. ज्या लोकांपाशीं जमीन नाहीं, भांडवल नाहीं, केवळ हुन्नर व चिकाटी आहे, त्यांनीं घराच्या ओसरीवरच कारखाना मांडला. त्यांच्या मालावरील ‘यू. एस. ए.’ या अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावण्याचा विनोद सर्वश्रुत आहे. त्यांत थट्टा आहे तशी शाबासकीही आहे.

१ ऑगस्ट १९६२ रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. पुढें अंबरनाथास मोरीवली व आनंदनगर येथें, तसेंच बदलापुराजवळ, औद्योगिक वसाहती वसल्या व त्यांत रसायनें, औषधें आणि रंग यांचे लहानमोठे कारखाने दाटले. कायदा मागें राहिला होता असेंही नाहीं. जलप्रदूषण रोखण्याचा महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६९ चा आहे, आणि त्याखालीं प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजीं अस्तित्वांत आलें. केंद्राचा कायदा होण्यास १९७४ साल उजाडावें लागलें. म्हणजे निषेधाचें वचन येथें लौकर उच्चारलें गेलें. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांतही पाण्यांत मळ, रक्त किंवा विष टाकूं नये असा स्पष्ट निषेध आहे. नुसत्या निषेधानें पाणी शुद्ध राहतें, तर दोन्ही काळीं तें राहिलें असतें.

लहान कारखानदाराची अडचण खरी असते. रोज दोनचार टँकर सांडपाणी निघणाऱ्यानें स्वतःचें शुद्धीकरण यंत्र उभारावें, तर त्याचा खर्च धंद्यास खाऊन टाकतो. म्हणून १९९१ च्या सुमारास केंद्र सरकारनें सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांस अर्थसाह्य देण्याची योजना आणली. कारखानदार या केंद्रास ‘सीईटीपी’ म्हणतात. वसाहतींतील सर्वांचें पाणी नळांनीं एका ठिकाणीं आणावयाचें, मोठ्या टाकींत एकजीव करावयाचें, चुना घालून आम्लता मारावयाची, गाळ खालीं बसवावयाचा, मग हवा खेळवून जीवाणूंकरवीं राहिलेला मळ खाववावयाचा, आणि निवळलेलें पाणी सोडावयाचें, अशी ही क्रिया आहे. खर्च सभासदांनीं वर्गणीनें वांटून घ्यावयाचा. हितसंबंधीयांच्या सहकार्याचें याहून ठळक उदाहरण कारखानदारींत सांपडणार नाहीं. महामंडळानें जागा व नळ द्यावे, सरकारनें पैसा द्यावा, मंडळानें तपासावें, सभासदांनीं चालवावें, अशी ही योजना होती.

तथापि या रचनेंत एक छिद्र आहे. जीवाणू हे सजीव आहेत. एका सभासदानें रात्रीं तीव्र आम्ल किंवा विषारी द्रव्य नळांत सोडलें, कीं ते मरतात आणि सर्वांचेंच पाणी अशुद्ध बाहेर पडतें. ज्यानें नियम पाळला त्याची वर्गणी फुकट जाते, ज्यानें मोडला त्याचा खर्च वांचतो, व टाकींतील मिश्रण पाहून कोणाचा दोष किती हें सांगतां येत नाहीं. अनेकांची जबाबदारी एकत्र केली, परंतु प्रत्येकाचा वांटा वाचतां येईल असा ठेवला नाहीं, तर जबाबदारी वांटली जात नाहीं; ती त्या टाकींतच विरून जाते.

याचें फळ सर्वांसमोर आहे. नोव्हेंबर १९१४ नव्हे, तर अगदीं कालच्या म्हणाव्या अशा नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस, उल्हासनगरांत वालधुनीच्या पात्रांत टँकरमधून रसायन ओतलें गेलें आणि त्याच्या वायूनें कांठच्या अनेक रहिवाशांस रुग्णालयांत न्यावें लागलें. त्यापूर्वीं २०१३ सालींच ‘वनशक्ति’ या संस्थेनें उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणें येथील खंडपीठापुढें अर्ज केला होता. २ जुलै २०१५ रोजीं त्या न्यायाधिकरणानें स्थानिक नगरसंस्था व सामाईक केंद्रें यांवर मिळून सुमारें ९५ कोटि रुपयांचा भार ठेविला, आणि प्रकरण पुढें वरिष्ठ न्यायालयांत गेलें. ज्यांनीं सहकार्य करावयाचें, ते सर्व एकाच प्रकरणांत प्रतिवादी म्हणून एकत्र आले, असा हा दैवदुर्विलास आहे.

त्यानंतर उल्हासनगरांतील जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर बंदीची कुऱ्हाड पडली. नदीस निळा रंग देणारें तें पाणी बंद होणें अवश्यच होतें. परंतु जीन्स शिवणारे, धुणारे, इस्त्री करणारे आणि धागे कापणाऱ्या बाया यांची रोजी त्याबरोबर गेली, आणि पुष्कळसा धंदा आसपासच्या गांवांत सरकला. तेव्हां जे नदीवर जगतात तेच हितसंबंधी, आणि जे कारखान्यावर जगतात ते नव्हेत, असें कोणास म्हणतां येणार नाहीं. बहुधा हीं एकाच चाळींतील माणसें असतात.

आतां आपण या खोऱ्याच्या प्राचीन बाजूकडे वळूं. उल्हास नदीच्या मुखाकडील कल्याण हें सातवाहनकाळीं नांवाजलेलें बंदर होतें, व तेथून नाणेघाटानें जुन्नराकडे व पुढें देशावर व्यापारी मार्ग जात असे. कल्याणचे कारागीर आपणांस कान्हेरीच्या लेण्यांत भेटतात. तेथें कल्याणच्या नंद नांवाच्या लोहारानें वाट करून दिल्याचा लेख आहे, आणि कल्याणच्या सामिदत्त नांवाच्या सोनारानें पाण्याची पोढी, म्हणजे टांकें, दान दिल्याचा लेख आहे. सोनारकाम हें आम्लाचें व क्षाराचें काम. तें करणाऱ्यानें आपलें नांव, गांव व धंदा सांगून दिलेली वस्तु स्वच्छ पाण्याचें टांकें असावी, ही गोष्ट वालधुनीच्या कांठीं राहणाऱ्यास विसरतां येत नाहीं.

एकेकट्या कारागिराकडून संघटित कारागिरांकडे जावयाचें, तर त्याच काळच्या नाशिकच्या लेण्यांत जावें लागतें. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा संवत् ४२ चा लेख आहे. त्यानें ३००० कार्षापणांची अक्षयनीवि, म्हणजे मुद्दल कधींही न मोडणारी ठेव, गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. एकीकडे २०००, व्याज दरमहा शेंकडा १. दुसरीकडे १०००, व्याज दरमहा शेंकडा पाऊण. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याज तेवढें भोगावयाचें. पहिल्या ठेवींतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं द्यावयाचे. वाचकांनीं हिशेब करून पाहावा: २००० वर दरमहा २०, वर्षास २४०, आणि २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ म्हणजे २४०. एकही नाणें उरत नाहीं वा कमी पडत नाहीं. कोण देणार, कोणास, किती, कशासाठीं, कोठून, या पांचही प्रश्नांचीं उत्तरें भिंतीवर आहेत.

त्याच लेण्याच्या परिसरांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा लेख आहे. विष्णुदत्ता नांवाच्या शक उपासिकेनें त्रिरश्मि पर्वतावरील आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं निरनिराळ्या श्रेणींकडे ठेवी ठेविल्या. कुलरिकांकडे, म्हणजे बहुधा कुंभारांकडे, १०००. ओदयंत्रिकांकडे, म्हणजे पाण्याचीं यंत्रें करणाऱ्यांकडे, २०००. आणि तेल गाळणाऱ्या तिलपिषकांचाही त्यांत उल्लेख आहे. ठेव अनेकांकडे वांटली आहे, तथापि प्रत्येक श्रेणीचें नांव व अंक वेगळे कोरले आहेत. सर्वांची मिळून एक रक्कम सांगून काम भागलें असतें. परंतु लिहिणाऱ्यानें तसें केलें नाहीं.

उषवदाताच्या लेखाच्या अखेरीस जें सांगितलें आहे, तें आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें आहे. हें सर्व निगमसभेंत ऐकविलें गेलें व रिवाजाप्रमाणें ‘फलकवारांत’ नोंदलें गेलें, असें तेथें म्हटलें आहे. फलकवार म्हणजे दप्तरखाना कीं नोंदींचे फलक, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. पण शब्दांत फलक आहे व नोंद सार्वजनिक आहे, एवढें निर्विवाद. म्हणजे करार तीन ठिकाणीं राहिला: सभेंतील लोकांच्या कानांत, नगराच्या दप्तरांत, आणि लेण्याच्या भिंतीवर.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. शिलालेख हा वचनाचा पुरावा आहे, पालनाचा नव्हे. त्या श्रेणींनीं वर्षानुवर्षें व्याज दिलेंच, असें आपणांस म्हणतां येणार नाहीं. प्राचीन कारागीर आजच्यांहून अधिक सत्यनिष्ठ होते, असेंही आमचें म्हणणें नाहीं. तसे ते असते, तर शिलाहारकालीन दानलेखांच्या दगडांवर, दान मोडणाराच्या नांवें, गाढवाचें तें ओंगळ शापचित्र कोरण्याचें कारण पडलें नसतें. सद्भावनेवर विसंबून राहतां येत नाहीं हें पूर्वजांस पुरतें ठाऊक होतें. म्हणूनच त्यांनीं वचन मोडलें असतां तें उघड दिसेल, अशी व्यवस्था केली.

धर्मशास्त्रांतही हीच दृष्टि आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ‘संविद्व्यतिक्रम’ व ‘संभूयसमुत्थान’ अशीं दोन प्रकरणें आहेत. पहिल्यांत संघाचा करार मोडणाऱ्यास व संघाचें द्रव्य हरण करणाऱ्यास सर्वस्वहरण व हद्दपारी सांगितली आहे. दुसऱ्यांत एकत्र धंदा करणाऱ्यांचा लाभ व तोटा प्रत्येकाच्या भांडवलाप्रमाणें किंवा ठरलेल्या कराराप्रमाणें वांटावा, असें सांगून पुढें महत्त्वाचा अपवाद दिला आहे: इतरांनीं मना केलेलें, न सांगितलेलें, किंवा निष्काळजीपणानें केलेलें काम करून ज्यानें नुकसान केलें, त्यानें तें एकट्यानें भरून द्यावें, आणि ज्यानें संकटांतून सामाईक द्रव्य राखलें, त्यास दहावा भाग अधिक मिळावा. सामाईक केंद्राच्या नियमावलीस याहून चांगला मसुदा शोधावयास नको. दोषी एकट्यानें भरतो व रक्षण करणाऱ्यास बक्षीस मिळतें. मात्र त्यासाठीं कोणीं काय केलें हें आधीं माहीत असावें लागतें. याज्ञवल्क्यावरील प्रसिद्ध ‘अपरार्क’ टीका बाराव्या शतकांतील शिलाहार राजा अपरादित्य याच्या नांवावर आहे, म्हणजे अंबरनाथचें देवालय उभारणाऱ्या घराण्याच्याच. तेव्हां हा विचार या नदीस परका नाहीं.

आजच्या कायद्यांतही फलक आहे, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असते. घातक कचऱ्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं दिलेल्या आदेशानंतर, असा कचरा निर्माण करणाऱ्या कारखान्यांनीं आपल्या दाराबाहेर फलक लावून, आंत कोणतीं घातक द्रव्यें आहेत, किती सांडपाणी, वायु व कचरा बाहेर पडतो, हें लोकांस वाचतां येईल असें लिहिणें आवश्यक ठरलें. हाच आमचा फलकवार. परंतु आमच्या फेरफटक्यांत आम्हीं जे फलक पाहिले, त्यांतील कांहींचा रंग उडालेला होता, कांहींवरील अंक कित्येक महिन्यांत बदललेले दिसत नव्हते, आणि एकाच्या पुढें हातगाडी उभी होती. १९०० वर्षांपूर्वींचा हिशेब आपण आज दिव्याच्या उजेडांत वाचूं शकतों, आणि गेल्या वर्षींचा वाचतां येत नाहीं.

२०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे शेंकडा २ समाजकार्यास खर्चणें भाग पाडलें आहे. या नगरांतील बहुतेक लहान कारखाने त्या मर्यादेखालीं राहतात. शिवाय, दान व कर्तव्य यांत भेद आहे. सामिदत्त सोनाराचें टांकें हें दान होतें. कोष्ट्यांच्या श्रेणीचें व्याज हें कर्तव्य होतें. शाळेस बाकें दिलीं म्हणून नदींत सोडलेल्या आम्लाचा जाब सुटत नाहीं. ज्यास जबाबदार व्यवसाय म्हणावयाचें, त्याचा आरंभ दुसऱ्या प्रकारापासून व्हावयास पाहिजे.

मग करावें काय? प्रत्येक सभासदाच्या नळावर मोजणी व नमुना घेण्याची सोय असावी, त्याचे अंक सर्व सभासदांस आणि नदीकांठच्या लोकांस दर महिन्यास वाचतां यावे, आणि वर्षांतून एकदां तरी ते उघड्या सभेंत मोठ्यानें वाचले जावे. त्या सभेंत कामगार असावेत, नगरपालिका असावी, मंडळ असावें, आणि खालीं खाडींत जाळें टाकणारा कोळीही असावा. ही निगमसभाच होय. नियम पाळणाऱ्या कारखानदाराचें हित यांत सर्वाधिक आहे. कारण आज शेजाऱ्याच्या दोषाची वर्गणी तोच भरीत आहे, आणि बंदीची आज्ञा आली कीं त्याचेंही दार बंद होतें.

आमच्या वाचकांचें काम याहून निराळें, परंतु तितकेंच निकडीचें आहे. आपण ताम्रपट व मोडी रुमाल जमवितों. तसेच या पट्ट्याचे कागदही आतांच जमविले पाहिजेत. आगपेट्यांचीं चित्रें संग्राहकांकडे आहेत, पण त्या कारखान्यांतील हजेरीपटांचें काय झालें? निर्वासितांच्या छावणींतील शिधापत्रिका, अरबी-सिंधी लिपींतील दुकानांच्या वह्या, जीन्सवाल्यांच्या मजुरीच्या चिठ्ठ्या, कारखानदारांच्या संघांचीं इतिवृत्तें, सामाईक केंद्रांच्या जुन्या नोंदवह्या, हें सर्व दर दिवाळीस साफसफाईंत रद्दीवाल्याकडे जात आहे. उद्यां या नदीचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास केवळ न्यायालयाचे निकाल सांपडले, तर त्यास भांडण कळेल. पण त्यापूर्वींचीं वचनें, वर्गण्या, हिशेब व मजुरी कळणार नाहीं. ७८२ व ९८२ यांतील एका अंकानें केवढा घोळ झाला हें आपण जाणतों. येथें तर अंकच नाहींसे होत आहेत.

कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागांत ज्यांचें जाणें-येणें आहे, त्यांनीं असे कागद दृष्टीस पडल्यास ते विकत घ्यावेत, निदान त्यांची प्रत करून ठेवावी, आणि कोणत्या घरांतून व कोणत्या सालीं मिळाले तें मागें लिहून ठेवावें, अशी आमची विनंती आहे. त्या मुलास आम्हीं दिलेलें अपुरें उत्तर पुरें करावयाचें, तर तें या कागदांवरूनच करतां येईल.